न मागितलेली वाटी

२०२३ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. कोबेच्या बंदराजवळची आमची मेस मे महिन्यात बंद झाली आणि कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे कुणासाठी पेटवायला शेगडी उरली नाही.

मेस म्हणजे एका भारतीय ट्रेडिंग कंपनीने आपल्या एकट्या राहणाऱ्या स्टाफसाठी ठेवलेलं स्वयंपाकघर. मुंबईहून पोरं पोस्टिंगवर यायची, मी त्यांना जेवू घालायचो. त्याआधी जहाजावर कुक होतो. वेंगुर्ल्याजवळच्या गावातून चौथीतून उठलो ते थेट दर्यावर. शाळेने मला काढलं नाही, मी शाळा सोडली. कोबेला जहाज लागलं, गाव आवडलं, राहिलो. पुढे मेसमध्ये हयात गेली. पण नवी पोरं फोनवरून जेवण मागवायला लागली, आणि एक दिवस मॅनेजर म्हणाले, "काका, आता हे कॉस्टमध्ये बसत नाही हो." त्यांनी मला शाल दिली, श्रीफळ कुठून तरी पैदा केलं, फोटो काढला. शाल मी घेतली. कोबेत हिवाळा असतो, उपयोगी पडते.

माझा मुलगा नितीन योकोहामाला आयटीत आहे. त्याने त्याच रात्री फोन केला. बाबा, खूप झालं, आता इकडे या, तुमची खोली तयार आहे. खोली मी बघितली होती. तिच्यात एक सोफा आणि एक टीव्ही. सून रुचा चांगली आहे, पण तिच्या किचनमध्ये मासा तळायला बंदी, कारण वरच्या मजल्यावरून तक्रार येते. नात माझ्याशी जपानीत बोलते आणि माझी जपानी ऐकून हसते, कारण मी जपानी शिकलो ती मासळीबाजारात. तिथे जे बोलतात ते शाळेत शिकवत नाहीत.

मी नितीनला म्हटलं, जून संपेपर्यंत मुदत दे. कोबेत कुणी मला शेगडीपाशी उभं केलं तर मी राहणार. नाही केलं तर तू ये, बॅग उचल, मी गुपचूप येतो आणि तुझ्या सोफ्यावर बसतो. तो म्हणाला, "प्रॉमिस?" मी म्हटलं, परबाचा शब्द आहे. शब्द देऊन बसलो आणि मग कळलं की एकाहत्तर वर्षांच्या माणसाला काम कुणी देत नाही.

बाजारात ओदा-सान म्हणून माझा जुना मासेवाला. सान म्हणजे आपलं राव. बांगड्यासारखा जो मासा इथे मिळतो, त्याला साबा म्हणतात, तो मी कायम त्याच्याकडूनच घ्यायचो. ओदा-सान म्हणाला, चढावरच्या इझाकायात जा. तिथल्या मालकिणीचा कुक कंबर धरून गावी गेला आहे. दारावर कागद लावलाय.

इझाकाया काय ते सांगतो. हा बार नव्हे आणि हॉटेलही नव्हे. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं तिथे बसतात, तांदळाची दारू पितात, तिला साके म्हणतात, आणि लहान लहान बशांतून काहीबाही खातात. पोट भरायला कुणी जात नाही आणि उपाशी कुणी परत येत नाही. हा जो इझाकाया होता, त्याची खासियत म्हणजे गावोगावचे पदार्थ. भिंतीवर कागदाच्या उभ्या पट्ट्या लावलेल्या. प्रत्येक पट्टीवर गावाचं नाव आणि खाली पदार्थ. कोचीचा, म्हणजे जपानातल्या कोचीचा, गवताच्या जाळावर शेकलेला मासा. अकिताचा धुरावर टांगलेला मुळा. आकाशीचा ऑक्टोपस. आणि जिथला पदार्थ, तिथलीच साके. कोचीच्या माशाबरोबर अकिताची साके मागितली तर मालकीण देत नाही. तिला सगळे ओकामी-सान म्हणतात, म्हणजे आपण मालकीणबाई म्हणतो तसं. वय माझ्याएवढंच. पाठ ताठ.

आता कुणी विचारेल, एवढी वर्षं कोबेत काढली आणि इझाकाया कसा असतो ते ठाऊक नव्हतं? नव्हतं. इझाकाया पाच वाजता उघडतो. पाच वाजता माझी कणीक मळलेली असायची आणि डाळ उकळत असायची. मला प्यायची असेल तर मी कोंबिनीतून बाटली आणून घरी बसायचो. कोंबिनी म्हणजे ते चोवीस तास उघडं असलेलं दुकान.

तर मी गेलो. काउंटरवर बसलो. बसल्या बसल्या ओकामी-सानने माझ्यासमोर एक चिमुकली वाटी ठेवली. तीन घासांचा उकडलेला गोबो, गोबो म्हणजे एक लांब मूळ असतं, वर तीळ. मी म्हटलं, हे मी मागितलं नाही. तिने वाटी तिथेच ठेवली. मी जगातली बंदरं बघितलेला माणूस. न मागता टेबलावर आलेली वस्तू म्हणजे फसवणूक, हे मला जहाजावर पहिल्या वर्षी शिकवलेलं. मी वाटी दोन बोटांनी तिच्याकडे सरकवली. तिने परत माझ्याकडे सरकवली. मी परत तिच्याकडे. शेजारी एक टकला गृहस्थ बसला होता, त्याचा घास तोंडाशीच थांबला.

ओकामी-सानने वाटी उचलली. माझ्यासमोरची जागा फडक्याने पुसली. मग शांतपणे विचारलं, काय हवं.

मी म्हटलं, काम हवं. मी कुक आहे.

"जो माणूस माझी ओतोशी परत करतो, त्याला मी माझ्या शेगडीपाशी उभं करू?" ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "शिवाय तुम्ही इंडियाचे. करी कराल. करीचा वास सुटला की साकेचा वास मेला. या घरात करी शिरत नाही."

मी उठलो आणि बाहेर पडलो. माफी मागितली नाही. कशाची मागायची तेच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओदा-सानला सांगितलं तर तो हसता हसता बर्फाच्या पेटीवर बसला. मग त्याने समजावलं. ओतोशी म्हणजे पहिली वाटी. माणूस बसला की ती येते. कुणी मागत नाही आणि कुणी परत करत नाही. बिलात ती धरलेलीच असते, त्यावर कुणी वाद घालत नाही. त्या वाटीत घराचा हात दिसतो. वाटी चांगली तर पुढचं सगळं चांगलं. "पराबु-सान," तो म्हणाला, "तू तिचा नमस्कार ढकलून दिलास. तोसुद्धा दोन वेळा."

परबचं पराबु होतं इथे, त्याला इलाज नाही.

मी विचार केला. आमच्याकडे दारात आलेल्या माणसापुढे गूळ-पाणी ठेवतात. तो मागत नाही. त्याने तांब्या परत सरकवला तर घरातली बाई काय समजेल? एवढंच ना? मग हे सोपं होतं. जपानी लोकांनी उगाच नाव वेगळं ठेवलंय.

मी परत गेलो. माफी मागायला नाही, गिऱ्हाईक म्हणून. वाटी आली, मी ती चाटून पुसून खाल्ली, एक साके प्यालो आणि घरी आलो. असं अधूनमधून जात राहिलो. कामाचा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. दारावरचा कागद तसाच होता. दोन पोरं ठेवून बघितली तिने, दोन्ही पळाली.

पण मी नुसता पीत नव्हतो. मी कुक आहे, माझं डोकं पुढ्यातल्या वाटीत असतं. ओतोशी कायम थंड असते, कारण माणूस बसल्याबरोबर ती पुढे यायला हवी, गरम करत बसायला वेळ नसतो. ती थोडी असते. आणि तिच्यात मीठ असं घातलेलं असतं की वाटी संपता संपता हात आपोआप ग्लासाकडे जातो. ओतोशीचं काम पोट भरणं नव्हे, तहान लावणं. हे एकदा कळलं आणि मला घरचं तिखलं आठवलं.

तिखलं म्हणजे आमच्याकडचं बांगड्याचं दाट कालवण. नारळाचं वाटप नाही, गरम मसाला नाही, फोडणी नाही. मिरची वाटायची, हळद, मीठ, आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं, आणि जीव म्हणून तिरफळं. तिरफळ हे झाडाचं फळ आहे, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं. बी काढून टाकायची आणि साल ठेचून घालायची. जिभेला मुंग्या येतात आणि नाकात लिंबासारखा वास जातो. तिखल्यात डाव घालायचा नाही, मासा मोडतो. भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. वरून कच्चं खोबरेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी खायचं नाही. दुसऱ्या दिवशी थंड खायचं. आमच्या गावातली पिणारी माणसं शिळ्या तिखल्यासाठी भांडायची.

माझ्याकडे सोलं होती, तिरफळं नव्हती. आणि जून महिना होता. ओदा-सानच्या शेजारच्या भाजीवाल्या बाईकडे सानशोचे ओले हिरवे दाणे आले होते. सानशोची पूड मी खाल्ली होती, इथे ती भाजलेल्या मासळीवर भुरभुरतात. ओला दाणा कधी चावला नव्हता. चावला आणि बाजाराच्या मधोमध उभा राहिलो. तेच. जिभेला त्याच मुंग्या, नाकात तोच वास, जरा सौम्य. तिरफळाची शिकलेली धाकटी बहीण म्हणा. बाई म्हणाली, हा इथलाच माल, आपल्याच प्रांताच्या उत्तरेकडचा, ताजिमा भागातला.

घरी साबा आणला, तिखलं केलं, दुसऱ्या दिवशी थंड वाटीत घेतलं आणि बाजूला साके ओतली. घास घेतला. उत्तम. घोट घेतला. पाणी. साके कुठे गेली तेच कळेना, मिरचीने तिला खाऊन टाकलं होतं. ओकामी-सान खोटं बोलली नव्हती.

मी हट्टी माणूस. मेसमध्ये तीन मॅनेजर येऊन गेले, तिघांनी सांगितलं काका तिखट कमी करा, तिघांना मी दही वाढलं. पण इथे मला कुणी सांगत नव्हतं. फक्त तो घोट सांगत होता. मिरची निम्मी केली. परत केलं, परत शिळं केलं, परत प्यालो. मग आणखी कमी. शेवटी एका दिवशी घास गिळला, घोट घेतला, आणि साके तोंडात गोड झाली. मग सानशोच्या मुंग्या परत आल्या आणि हात वाटीकडे गेला. वाटी, ग्लास, वाटी, ग्लास. मी एकटाच किचनमध्ये उभा राहून स्वतःला शाबासकी दिली. दुसरं कुणी द्यायला नव्हतं.

महिना संपत आला. शुक्रवारी नितीन सुट्टी टाकून आला. शनिवार सकाळच्या शिंकानसेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, दोन तिकिटं घेऊनच आला, शेजारी शेजारी सीटवाली. माझी बॅग मीच भरून ठेवली होती. शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, आज संध्याकाळी माझ्याकडून जेवण, तुला एक जागा दाखवतो. निघताना मी पिशवीत स्टीलचा डबा टाकला तो त्याने बघितला.

"बाबा, काय आहे त्यात?"

"तिखलं."

"इझाकायात बाहेरचं न्यायला अलाउड नसतं. प्लीज. मला लाज वाटेल."

मी म्हटलं, तुला लाज वाटेल तर तू योकोहामाचा पाहुणा म्हणून बस, मी तुला ओळखत नाही. त्याने बूट घातले. लहानपणापासून तो असाच वाद सोडून देतो, आईवर गेलाय.

काउंटरवर बसलो. टकला गृहस्थ त्याच्या जागेवर होताच. त्याचं नाव उएदा-सान, आता ओळख झाली होती. आमच्या दोघांपुढे वाट्या आल्या. थंड वांगं होतं. मी खाल्लं, नितीनने खाल्लं. मग मी ओकामी-सानला एक रिकामी वाटी मागितली. तिला वाटलं मुलाला काही काढून द्यायचं असेल. तिने दिली. मी डबा उघडला, त्या वाटीत तीन घासांचं तिखलं घातलं, वर एक हिरवा सानशोचा दाणा ठेवला, आणि वाटी दोन्ही हातांनी उचलून काउंटरच्या पलीकडे, तिच्यासमोर ठेवली.

नितीनने डोळे मिटले.

ओकामी-सान वाटीकडे बघत राहिली. "हे मी मागितलं नाही," ती म्हणाली.

"ओतोशी कुणी मागत नाही," मी म्हटलं.

काउंटरवरचे सगळे थांबले. उएदा-सानला पहिला दिवस आठवला असणार, कारण तो खाली मान घालून हसायला लागला. ओकामी-सान हसली नाही. तिने वाटीला बोटं लावली. मला वाटलं, गेली, परत सरकवली. नितीन माझ्या कानाशी पुटपुटला, बाबा, आपण सॉरी म्हणून निघूया. मी हललो नाही. तिच्याच घरात तिचाच नियम होता. तो तिने मोडला असता तर मी शांतपणे योकोहामाला गेलो असतो, शपथ.

तिने वाटी उचलली आणि हाशी घेतल्या. हाशी म्हणजे जेवायच्या काड्या. एक घास घेतला. चेहऱ्यावर काही नाही. मग पाठीमागच्या फळीवरून एक बाटली काढली, कोचीची. चिमुकल्या कपात ओतली, घोट घेतला, नाही अशी मान हलवली आणि बाटली परत ठेवली. मग तिने वाटीतला सानशोचा दाणा उचलून चावला. खाली वाकून अगदी आतल्या बाजूची एक बाटली काढली, ती गरम पाण्यात ठेवली, आणि आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत बसलो. साके कोमट झाली. तिने घोट घेतला, दुसरा घास घेतला, परत घोट घेतला. तिसरा घास घेतला तेव्हा वाटी संपली होती आणि कपही.

"ताजिमाची साके आहे," ती म्हणाली. "सानशो जिथला, तिथलीच."

"ओकामी-सान," उएदा-सान म्हणाला, "इतकी वर्षं मी तुमच्या समोर बसतोय. ओतोशी सगळ्यांना सारखी असते ना? मग माझी कुठाय?"

काउंटरवर बसलेल्या प्रत्येकाला तीच वाटी, हा ओतोशीचा दुसरा नियम. तिने डबा ओढून घेतला आणि वाट्या मांडल्या. बाहेरचा डबा दुकानात वाटणं कायद्यात बसतं की नाही ते मला विचारू नका, मी चौथीतून उठलोय. उएदा-सानने खाल्लं, जीभ बाहेर काढून बोटाने चाचपून बघितली, जागेवर आहे का म्हणून, आणि ताजिमाची मागवली. त्याच्या पलीकडच्याने मागवली. कोपऱ्यातल्या दोघांनी आधी पुढ्यातली बीअर संपवली आणि मग तीच मागवली. नितीनने आपली वाटी पुसून खाल्ली आणि मला मराठीत हळूच म्हणाला, "बाबा, आई करायची तसं लागतंय."

मी म्हटलं, तिच्यापेक्षा तिखट कमी आहे. ती असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

ओकामी-सान माझ्यासमोर येऊन उभी राहिली. करी नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, करी मी पण खात नाही, हा शब्दच मी जहाजावर पहिल्यांदा ऐकला. तिने विचारलं, गाव कुठलं? मी म्हटलं, वेंगुर्ला. तिने दोन-तीनदा तोंडात घोळवून बघितलं. मग कागदाची एक कोरी पट्टी, शाई आणि ब्रश माझ्यासमोर ठेवला. "तुमच्या गावचं नाव मी कसं लिहिणार?" ती म्हणाली. "तुम्ही लिहा."

माझं अक्षर चांगलं नाही. ब्रश तर कधी धरलाच नव्हता. पण मी उभं वेंगुर्ला लिहिलं, एकाखाली एक अक्षर, आणि त्याच्या खाली तिखलं. 'खलं' जरा वाकडं गेलं. तिने जपानी अक्षरांत बाजूला लिहून घेतलं आणि पट्टी अकिताच्या मुळ्याच्या शेजारी लावली. मग ती दारापाशी गेली आणि बाहेरचा कागद काढून आणला. नितीनने तो वाचला आणि त्याला हसू आवरेना.

"बाबा, यात काय लिहिलंय माहितीये? मदतीला धडधाकट, तरुण माणूस हवा."

"मग," मी म्हटलं, "अर्धी अट पुरी केली की."

तो हसायचा थांबला. काउंटरवर बोटाने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "रुचाने तुमच्या खोलीला नवे पडदे लावलेत. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, सांग, बाबांना नोकरी लागली. पडदे राहू देत, सुट्टी मिळाली की येईन. आणि त्याचा ग्लास भरला. इथे आपला ग्लास आपण भरायचा नसतो, दुसऱ्याचा भरायचा. त्याने माझा भरला. ही पद्धत मला आवडते.

यातून शिकायचं एवढंच, की परक्या घरात शिरायचं तर दार ठोठावून उपयोग नसतो. त्या घराचा नियम शोधावा आणि त्याच नियमाने आत जाऊन बसावं, म्हणजे घरवाल्याला उठवता येत नाही. आणि तिखट कमी केल्याने माणूस मरत नाही. मी मेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नितीनला सोडायला स्टेशनवर गेलो नाही. दारातच त्याच्या हातात घरी उरलेल्या तिखल्याचा डबा दिला आणि सांगितलं, शेजारची सीट रिकामी आहे, तिच्यावर ठेव, मांडीवर घेऊ नकोस, तेल गळतं. तो स्टेशनकडे गेला आणि मी बाजारात. ओदा-सानची पेटी नुकतीच उघडत होती. मी एकेका साब्याचं पोट दाबून बघितलं, दोन परत टाकले, बाकीचे बाजूला काढले. त्याने विचारलं, एवढे? कुणाच्या नावावर बांधू?

मी त्याला इझाकायाचं नाव सांगितलं.

"आणि नेणारा?"

"कुक," मी म्हटलं. "बर्फ जास्त घाल."